राखणीचा तांदूळ

संशोधन केंद्राच्या मागच्या खोलीत एकेचाळीस डबे होते. त्यांतल्या चाळीस डब्यांना राखण लावलेली होती आणि त्यांतला तांदूळ पाच वर्षांनंतरही कालच गिरणीतून आल्यासारखा होता. एकेचाळिसाव्या डब्यावर शून्य आकडा होता. त्याला काहीही लावायचं नाही असा नियम, कारण औषध न लावलेलं धान्य शेजारी ठेवल्याशिवाय औषधाचा गुण सिद्ध होत नाही. कुंदा लांजेवारने त्याचं झाकण काढलं तेव्हा आत सोंड्यांची जत्रा भरली होती. दाण्यांना जाळी धरली होती, तळाशी पीठ साचलं होतं. सगळ्या इमारतीत सुखाने जगणारे किडे काय ते एवढेच.

तिने चाळून, पाखडून त्यातून दोन ओंजळी धड तांदूळ काढला आणि कापडी पिशवीत भरला. चोवीस वर्षांच्या नोकरीतली ही तिची पहिली चोरी. फाटकावरच्या शिपायाने विचारलं, "मॅडम, गावाले चालल्या?" तेव्हा ती नुसती "हो" म्हणाली आणि पिशवी पर्सखाली घट्ट धरली.

तिचा थोरला भाऊ मोरेश्वर नऊ दिवसांपूर्वी आपल्या भातगिरणीत पोत्यावर टेकला, तो उठलाच नाही. उद्या दहावा होता. वैनगंगेच्या घाटावर त्याच्या नावाचा पिंड ठेवायचा होता आणि त्याला कावळा शिवणार नव्हता. हे कुंदाला जितकं पक्कं ठाऊक होतं तितकं देशात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. कावळ्याला तांदळापासून तोडणारी बाई तीच होती.

राखणीची कल्पना तशी तिच्या आईची. धानोलीच्या घरी आई कणगीत निर्गुडीचा पाला घालायची आणि वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून टाकायची. त्याने किडे पळतात हे आईला माहीत होतं. का पळतात ते कुंदाने शोधून काढलं. सोंड्याचं सगळं जग वासाचं. त्याच्या मिशांवर बारीक केस असतात आणि त्या केसांत जणू कुलुपं असतात. तांदळाच्या वासाची किल्ली त्या कुलपात फिरली की त्याला कळतं, हे अन्न. कुंदाने वेखंड आणि निर्गुडीच्या अर्कातून जो रेणू वेगळा काढला, तो त्या कुलपात जाऊन अडकून बसायचा. मग सोंडा तांदळाच्या ढिगावर बसून उपाशी मरायचा. त्याच्या लेखी तिथे तांदूळ नव्हताच, खडे होते.

जुने अर्क दोन महिन्यांत उडून जायचे. कुंदाने आपला रेणू दाण्यातल्या स्टार्चलाच बांधून टाकला. धुतलं तरी तो जात नसे, शिजवलं तरी जात नसे आणि माणसाच्या पोटात मुकाट पचून जाई. विषारी गोळ्या नकोत, धूर नको, गोदामात गुदमरणारे हमाल नकोत. चार वर्षांपूर्वी भंडारा जिल्ह्यात पहिला प्रयोग झाला. दोन वर्षांपूर्वीपासून देशातल्या प्रत्येक गिरणीतून निघणाऱ्या प्रत्येक दाण्याला राखण लागू लागली. गोदामांत सडणारं अन्न लोकांच्या ताटात गेलं. कुंदाचे सत्कार झाले, शालींनी कपाट भरलं, आणि हे सगळं तिने खरोखरच कमावलं होतं.

पक्ष्यांचं मात्र कुणी विचारलं नव्हतं. पक्ष्याच्या चोचीच्या मुळाशी एक मज्जातंतू असतो. आपल्याला मिरची झोंबते तसा राखणीचा रेणू त्या तंतूला झोंबतो. पहिल्या प्रयोगात अंगणात पसरलेल्या तांदळावर चिमण्या उतरल्या, दोन-चार पावलं चालल्या आणि उडून गेल्या. कुंदाने वहीत लिहिलं, "पक्षी खात नाहीत. अधिकचा फायदा." तेवढ्या एका ओळीवर तो विषय संपला.

संपला असं तिला वाटलं. पण आपल्याकडे कावळ्याचं आणि भाताचं नातं पोटापुरतं थोडंच आहे! दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवला की मेलेला तृप्त झाला. नाही शिवला तर त्याची काही इच्छा राहिली, आणि ती जिवंतांनी ओळखायची. नदीकाठी हात जोडून एकेक वचन द्यायचं, "धाकट्याला सांभाळीन", "तुमच्या लेकीला अंतर देणार नाही", आणि कावळ्याच्या तोंडाकडे बघत बसायचं.

आता कुठलाच कावळा कुठल्याच पिंडाला शिवेना. घाटांवर वचनांना नुसता ऊत आला. चाळीस वर्षं एकमेकांचं तोंड न बघितलेले भाऊ गळ्यात पडले, आणि तरी कावळा येईना म्हणून तिथेच पुन्हा भांडले. कुणाच्या वडिलांचं दुसरं घर उघडकीला आलं. कुणा मुलीने मेलेल्या आजीला पसंत नसावं म्हणून ठरलेलं लग्न मोडलं. लोक पिंडाशेजारी भजी ठेवत, विडी ठेवत. कावळे भजी उचलून नेत आणि पिंड तसाच राही. भटजी म्हणत, भजी म्हणजे पिंड नव्हे. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायचे आणि माणसं खाली मान घालून घरी जायची. जिवंत असताना ज्यांना कुणी 'तुला काय हवं' म्हणून विचारलं नव्हतं, त्यांच्या भीतीने घरं झपाटली. जेवताना घास अडकला तरी नजर भिंतीवरच्या फोटोकडे जाऊ लागली.

काही शहाण्यांना तांदळाचा संशय आला. तक्रारी केंद्राकडे आल्या आणि उत्तर लिहायचं काम साहजिकच कुंदाकडे आलं. तिने लिहिलं, "राखण आणि पक्ष्यांचे वर्तन यांचा संबंध दाखवणारा पुरेसा पुरावा उपलब्ध नाही." हे अक्षरशः खरं होतं. पुरावा गोळा करणं तिच्याच हातात होतं आणि तिने तो गोळा केला नव्हता.

कारण तो पुरावा तिने सगळ्यांच्या आधी, स्वतःच्या डोळ्यांनी, आपल्या आईच्या दहाव्याला बघितला होता.

तीन वर्षं झाली त्याला. दिवाळीनंतरचे दिवस, नवं धान यायला लागलेलं, मोरेश्वरची गिरणी दिवसरात्र चालू. आईला आठ दिवस ताप होता. तो फोनवर म्हणत राहिला, "हाये ताप, उतरते. गावच्या डॉक्टरनं सुई देल्ली." नवव्या दिवशी त्याने तिला नागपूरला आणलं तेव्हा फार उशीर झाला होता. कुंदा दवाखान्यात त्याला एका शब्दाने काही बोलली नाही. बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. ती गप्प राहिली आणि राग आतल्या आत नासत गेला.

दहाव्याला उंबरावरून एक कावळा उतरला. पिंडाभोवती फिरला, मान तिरपी केली, चोच दोन बोटांवर नेली आणि कुणीतरी काहीतरी सांगितल्यासारखा मागे सरला. पुन्हा आला, पुन्हा सरला. कुंदाला त्या क्षणी अंगणातल्या चिमण्या आठवल्या. हा तांदूळ भावाच्याच गिरणीतला होता. जिल्ह्यात सर्वांत आधी राखण लावून घेणारी गिरणी त्याची. "माह्या बहिणीचं औषध हाये," असं तो गिऱ्हाइकांना हौसेने सांगायचा.

मोरेश्वर गुडघ्यांवर बसला. "आई, का राहिलं तुयं? मी गिरणी पाहात राह्यलो, तुले नेलं नाही. चुकलं माह्यं. चुकलं." तो रडत होता, पन्नाशीचा माणूस, वाळूत डोकं टेकून. मग त्याने वळून कुंदाकडे पाहिलं. तू तरी काही सांग, असं त्या बघण्यात होतं.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आणि कुंदाच्या मनात आलं, रडू दे. चुकलाच आहे, तर बसू दे रडत. ती गप्प राहिली.

पाच मिनिटांसाठी धरलेलं मौन होतं ते. पण दर्भाचा कावळा शिवून झाला, लोक उठले, आणि मग बोलायचं तर आधी गप्प का बसलो तेही सांगावं लागणार होतं. आज सांगू, दिवाळीला सांगू, करता करता तीन वर्षं गेली. मोरेश्वर वाळत गेला. गिरणीत बसला की कुठेतरी बघत राहायचा. कुंदा दर राखीला त्याच्या हाताला राखी बांधायची आणि त्याच्या डोळ्यांत बघायचं टाळायची.

आता तोच नव्हता. निदान त्याच्या बायकोला आणि पोराला तरी घाटावर तसं बसावं लागू नये, एवढंच तिला वाटत होतं. म्हणून ती चोरी.

घाटावर सकाळी पंधरा-वीस माणसं जमली होती. शालूवहिनी पायरीवर बसली होती, डोळे कोरडे. काल रात्रीपासून तिने एकच गोष्ट चार वेळा विचारली होती : "त्याईचं का राहिलं असन हो, ताई? मी कायचं वचन देऊ?" अंकुश, मोरेश्वरचा एकवीस वर्षांचा मुलगा, मुंडण करून नदीतून वर आला आणि त्याने गिरणीतल्या तांदळाची पिशवी कुंदाच्या हातात दिली. "आत्या, एवढे धुऊन देता?"

कुंदा पाण्यात उतरली. लोकांकडे पाठ करून तिने तो तांदूळ वैनगंगेत ओतला आणि पर्समधला आपला तांदूळ भांड्यात घेतला. 

तीन दगडांवर भात शिजला. अंकुशने पिंड केला, तीळ वाहिले, पानावर ठेवून सगळे मागे सरले. उंबरावर सात-आठ कावळे होते. भटजींनी सवयीने दर्भाच्या काड्या हातात घेऊनच ठेवल्या होत्या. एक कावळा उतरला, मान तिरपी केली, चोच जवळ नेली आणि पिंडाचा लचकाच तोडून घेतला. मग दुसरा आला. मग सगळेच आले.

दोन वर्षांत असं कुणी पाहिलं नव्हतं. बायांनी डोळ्यांना पदर लावले. शालूवहिनी इतके दिवस रडली नव्हती ती आता मोकळेपणाने रडली. अंकुश तिला धरून "आई, बाबा सुटले, बाबा सुटले" म्हणत होता. कुंदाच्याही डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, आपण एवढं तरी बरं केलं.

तेवढ्यात हटवार गुरुजी पुढे झाले. गावचे निवृत्त मास्तर, तांदळावर संशय घेऊन केंद्राला पत्रांवर पत्रं लिहिणारे हेच. कुंदानेच त्यांना ते उत्तर पाठवलं होतं. ते तिच्यापुढे हात जोडून म्हणाले, "कुंदाबाई, माफ करा. मी दोन वर्षं तुमच्या औषधाले दोष देत होतो. अजी, मोरेश्वरच्या गिरणीचाच तांदूळ, राखण लावलेला, आन कावळ्यानं पाहता पाहता नेला. मंग औषधाचा का दोष? ज्याचं राहते त्याचंच राहते."

वहिनीने डोळे पुसले. ती हळू आवाजात म्हणाली, "म्हंजे गुरुजी, सासूबाईचं खरंच राहिलं होतं."

"हाव, बाई. आता बोलू नये, पन मोरेश्वरच्या हातून मायकडं दुर्लक्ष झालं, हे खरंच. त्याले सोताले ते ठाऊक होतं. देवमाणूस होता म्हून भोगून सुटला."

आजूबाजूच्या माणसांनी माना हलवल्या. एकदोघं म्हणाले, होय, तसंच असणार.  तीन वर्षं कुंदाने भावाला निर्दोष ठरवणारं वाक्य तोंडात दाबून ठेवलं होतं, पण दाबलेलं का होईना, ते होतं तरी. आज तिने मूठभर तांदळाने ते वाक्यच खोटं पाडलं होतं. आता मोरेश्वर चुकला होता हे साऱ्या गावाने, कावळ्यांच्या साक्षीने, मान्य केलं होतं. करायला गेली एक आणि झालं भलतंच, असं म्हणून सोडून देण्यासारखं हे नव्हतं.

घरी आल्यावर पाहुणे पांगले. अंकुश गिरणी उघडायला गेला. दुपारी शालूवहिनी पडवीत भिंतीला टेकून बसली होती. कित्येक दिवसांनी तिचा चेहरा सैल दिसत होता. कुंदा तिच्यासमोर बसली. आता गप्प राहिलं तर या बाईला सुखाने झोप लागेल. बोललं तर भावाचं नाव धुऊन निघेल, आणि हिच्या पदरात आज पडलेलं समाधान काढून घ्यावं लागेल. दोन्ही एकदम द्यायची सोय नव्हती. तिला मोरेश्वरचं ते वळून बघणं दिसत होतं, डोळे मिटले तरी दिसत होतं.

"वहिनी," ती म्हणाली, "आजचा तांदूळ गिरणीतला नव्हता."

तिने सगळं सांगितलं. शून्य क्रमांकाचा डबा सांगितला, चिमण्या सांगितल्या, गुरुजींना पाठवलेलं उत्तर सांगितलं. 

"म्हंजे आज कावळा यांच्यासाठी नाही आला," शेवटी वहिनीने विचारलं.

"नाही. साध्या तांदळाला आला."

"आन सासूबाईच्या वक्ती तुमाले मालूम होतं? तिथंच? घाटावर?"

"हो."

"हे तुमच्याकडं पाहात होते तवा?"

"हो, वहिनी. तेव्हाच."

वहिनीने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. कुंदा वाट पाहत होती की ती ओरडेल, घराबाहेर काढेल. ती बोलली तेव्हा आवाज नेहमीचाच होता.

"तुमाले एक गोष्ट ठाऊक नसन. आंघोळ झाली का ते पह्यला भात एका पानावर घेत आन गच्चीच्या कठड्यावर ठेवत, सासूबाईच्या नावानं. रोज. एक दिवस चुकले नाहीत. पानी असो, ताप असो. तिथं उभं राहून वाट पाहात. मंग खाली येऊन म्हनत, 'आज बी नाही आली, शालू.' संध्याकाळी जाऊन तोच भात सोता खाऊन घेत. म्हनत, मायच्या नावाचा हाये, फेकू कसा?"

कुंदाने डोळे मिटले. हजारभर सकाळी. तिच्याच रेणूने बांधलेला भात, तिच्याच भावाच्या हातात, आणि दर सकाळी वरून नकार. एक फोन केला असता तर यांतली एकही सकाळ उगवली नसती. तिला मोठ्याने रडावंसं वाटलं, पण या घरात रडायचा हक्क आपल्याला नाही असंही वाटलं, आणि ती तशीच बसून राहिली.

"तेराव्याले सारं गाव जेवाले येते," शालूवहिनी म्हणाली. "मले सांगतलं तसंच तवा सर्व्यांसमोर सांगाचं. गुरुजीले बी. तुमची नोकरी राहो का जावो. त्याईच्या नावावर हे नाही राहाले पाहिजे."

"सांगेन."

"तांदूळ उरला का तुमच्याजवळ?"

पिशवीच्या तळाशी मूठ-दीड मूठ होता. वहिनीने तो घेतला, ताटलीत निवडला. एक सोंडा निघाला, तो तिने अलगद उंबऱ्याबाहेर सोडला. शेगडीवर छोटं पातेलं चढवून भात केला. मग वहिनीने पान घेतलं, भात घेतला आणि जिना चढू लागली. कुंदा तिच्या मागून गेली.

गच्चीवर सौरपाट्यांच्या कडेने कठडा होता. एका जागी सिमेंटवर पांढुरका डाग पडला होता, वर्षानुवर्षं तिथेच पान ठेवल्याचा. वहिनीने तिथेच पान ठेवलं. "सासूबाई, तुमच्या लेकाकडून," ती म्हणाली आणि मागे सरली.

समोरच्या विजेच्या तारेवर एक कावळा होता. तो लगेच आला. मान तिरपी केली, चोच लावली, खाऊ लागला. आणखी दोन आले आणि पानासाठी आपसांत झोंबू लागले. सगळं उरकायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

शालूवहिनी रिकाम्या पानाकडे बघत उभी होती.

"आता आला," ती म्हणाली. "पन पाहाले कोन हाये?"